ढाल एक, मुलं चाळीस

नमस्कार ताई,

मी आमच्या गावातल्या मुलांच्या मंडळाचं काम पाहते. आठ ते अठरा वयाची चाळीसेक मुलं आहेत. कुणी शेळ्या-मेंढ्या पाळतं, कुणी परसबाग करतं, कुणी शिवण शिकतं, मोठी मुलं सभा चालवायला शिकतात. वर्षाच्या शेवटी कार्यक्रम करून ढाल आणि चषक देतो. तीन वर्षं झाली, ढाल दोनच घरांत फिरते आहे. मुलं गुणी आहेत, पण त्यांच्याकडे जागा आहे, जनावरं आहेत, हाताशी मोठी माणसं आहेत. गेल्या कार्यक्रमानंतर तेरा वर्षांचा एक मुलगा यायचाच बंद झाला. आई मेलेलं एक आजारी कोकरू त्याने एकट्याने जगवलं होतं. त्याचं नाव कुठेच आलं नाही. आता समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, सगळ्यांना पदक द्या. दुसरा म्हणतो, मग पदकाला किंमत काय राहिली? कार्यक्रम दीड महिन्यावर आलाय आणि पैसे बेताचेच आहेत. काय करू?

एक कार्यकर्ती

नमस्कार,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मनाला फार लागली. त्या मुलाने कोकरू जगवलं हे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे मंडळात त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, असं म्हणता येत नाही. तरीही कार्यक्रमात त्याचं नाव घ्यायला जागा सापडली नाही, कारण तुमच्या बक्षिसांची यादी एकच गोष्ट विचारते: पहिला कोण? त्या यादीत हा मुलगा कधीच बसणार नव्हता, आणि तुमची निम्म्याहून जास्त मुलंही बसणार नाहीत. समितीतले दोन्ही तट पदकं किती वाटायची यावर अडून बसलेत. आधी आपण कशाकशाचं कौतुक करणार हे ठरवा. पदकांचा आकडा त्यातून आपोआप निघेल.

ग्रामीण मुलांच्या मंडळांचा शंभर वर्षांहून जास्त अनुभव अमेरिकेतल्या फोर-एच या चळवळीच्या गाठीशी आहे. १९०२ मध्ये ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी शेतकऱ्यांच्या मुलामुलींचं एक मंडळ सुरू केलं. मुलं मका लावायची, भाज्या पिकवायची, माती तपासायची. पुढे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषी महाविद्यालयांच्या विस्तारकार्याला सरकारी आधार मिळाला आणि ही मंडळंही त्याच कामाचा भाग झाली. प्रदर्शनं, स्पर्धा, फिती, ढाली हे सगळं तिथे आजही भरपूर आहे. पण इतक्या वर्षांच्या स्पर्धांनंतर त्यांच्याच कार्यकर्त्यांनी कौतुकाचे पाच प्रकार मानले: भाग घेतल्याबद्दल, स्वतः ठरवलेल्या ध्येयाकडे पुढे सरकल्याबद्दल, ठरलेल्या दर्जाला पोहोचल्याबद्दल, बरोबरीच्या मुलांशी स्पर्धा केल्याबद्दल, आणि मिळून केलेल्या कामाबद्दल. तुमच्याकडे यातला चौथा प्रकार चालू आहे. बाकीचे चार रिकामे आहेत.

पाचही प्रकारांना सारखं वजन द्यायची गरज नाही. माझ्या मते गावच्या मंडळात सगळ्यात मोलाचा प्रकार दुसरा, स्वतः ठरवलेल्या ध्येयाचा. तिथे ज्याच्याकडे दोन एकर आहेत आणि ज्याच्याकडे अंगणात चार कुंड्या आहेत, अशा दोन मुलांना एका तराजूत घालावं लागत नाही. प्रत्येकाचं मोजमाप त्याच्या सुरुवातीपासून होतं.

यात एक मेख मात्र आहे, आणि शेती-जनावरांच्या कामात ती फारच जाणवते. मुलं ध्येय लिहितात ते बहुतेक वेळा फळाचं असतं: माझी शेळी सगळ्यात वजनदार होईल, माझी वांगी प्रदर्शनात पहिली येतील. मग रोग येतो, गारपीट होते, विहीर आटते आणि वर्षभर राबलेल्या मुलाच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून ध्येय लिहून घेताना बाजूला बसा आणि ते मुलाच्या हातातल्या गोष्टीवर आणा. ‘कोकराला ठरलेल्या वेळी दूध पाजेन, दर रविवारी वजन करून लिहीन, आजारी वाटलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांना विचारेन.’ हे ध्येय कोकरू दगावलं तरी पूर्ण होऊ शकतं. ज्या मुलाचं जनावर गेलं आणि तरीही ज्याने शेवटच्या दिवसापर्यंत नोंद ठेवली, काय चुकलं असेल हे विचारून लिहून ठेवलं, तो मुलगा त्या वर्षी तुमच्या मंडळात सगळ्यात जास्त शिकलेला असू शकतो. एकट्या ढालीची पद्धत असल्या मुलाला नेमकं गाळते.

त्यासाठी वही लागते. फोर-एचमध्ये प्रत्येक उपक्रमाची नोंदवही असते: सुरुवातीला ध्येय, मग काय केलं, खर्च किती, हाती काय आलं, आणि शेवटी मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली कामाची हकिकत. साधी वही चालेल. महिन्यातून एकदा कुणातरी मोठ्या माणसाने ती मुलाबरोबर उघडून पाहायची, सही करायची आणि एक ओळ लिहायची. ज्या मुलाला लिहिणं जड जातं, त्याने सांगावं आणि दुसऱ्या मुलाने लिहावं. वर्षभर या ओळी साठल्या की कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ‘याच्याबद्दल काय बोलायचं?’ असं डोकं खाजवत बसावं लागत नाही.

तिसऱ्या प्रकाराकडे येते. सगळ्यांना पदक दिलं तर किंमत काय, असं विचारणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना हा प्रकार पटेल. फोर-एचच्या बऱ्याच प्रदर्शनांत डॅनिश म्हणून ओळखली जाणारी पद्धत वापरतात. परीक्षक वस्तूची तुलना शेजारच्या वस्तूशी करत नाहीत. आधी लिहून ठेवलेल्या निकषांवर ती तपासतात. उत्तम असेल तर निळी फीत, चांगली असेल तर लाल, अजून काम हवं असेल तर पांढरी. दहाच्या दहा मुलांना निळी मिळू शकते आणि एखाद्या वर्षी एकालाही मिळणार नाही. फितीचं मोल निकषाच्या कडकपणातून येतं, ती किती जणांना मिळाली यावर ते अवलंबून नसतं.

ही पद्धत घ्यायची तर दोन गोष्टींत ढिलाई करू नका. निकष वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांच्या हातात पडले पाहिजेत. शिलाईत टाके किती सारखे हवेत, वाफ्यात तण किती चालेल, जनावराचं अंग आणि खूर कसे असावेत, हे मुलाला कामाला लागतानाच कळायला हवं. निकालाच्या दिवशी कळलं तर ती परीक्षा झाली, शिकणं राहून गेलं. आणि परीक्षकांनी वस्तूइतकंच मुलाशीही बोललं पाहिजे. काय शिकलास? कुठे अडलास? पुन्हा केलंस तर काय बदलशील? या तीन प्रश्नांत, काम मुलाने केलं की घरातल्या मोठ्यांनी, हे कुणाचाही अपमान न करता समजतं. तुम्ही पत्रात सूचकपणे जे म्हटलंय, त्याला माझ्याकडे हाच उपाय आहे. पालकांना मदत करू नका असं सांगून काही होत नाही. मुलाला उत्तरं द्यावी लागणार आहेत हे माहीत झालं की पालक आपोआप मागे सरतात आणि मुलाला समजावून सांगायला लागतात.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणणार नाही. मोठ्या मुलांना स्पर्धा आवडते, आणि ती त्यांच्यापासून काढून घ्यायचं काही कारण नाही. पण ती ज्याला हवी त्याने निवडावी. फोर-एचमध्ये सगळ्यात लहान, पाच ते आठच्या आसपासच्या मुलांना स्पर्धेपासून मुद्दाम दूर ठेवतात. तुमच्याकडे आठ-नऊ वर्षांची मुलं आहेत, त्यांच्यात क्रमांक काढू नका. मोठ्यांमध्ये पहिल्या वर्षाची मुलं आणि अनुभवी मुलं वेगळी ठेवा. क्रमांक काढलेच तर दुसऱ्या आलेल्याला जरूर जपा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या चित्रफिती पाहून मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक निरीक्षण छापलं होतं: रौप्यपदक मिळवलेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळवलेले खेळाडू जास्त आनंदी दिसत होते. दुसरा आलेला हुकलेल्या पहिल्या क्रमांकाकडे पाहत असतो. त्याला त्याच्या कामाचं वेगळं, नेमकं काहीतरी ऐकायला मिळालं पाहिजे.

त्या दोन घरांतल्या मुलांबद्दलही बोलते, कारण समितीत त्यांच्याविषयी थोडी कटुता आलेली दिसते. ‘तुम्हाला पुष्कळ मिळालं, आता बाजूला व्हा’ असा सूर कृपा करून लावू नका. घरी जागा आणि जनावरं असणं हा त्यांचा दोष नव्हे, आणि पहाटे उठून त्या जनावरांची निगा त्यांनीच राखली आहे. त्यांना आता याहून अवघड काम द्या. सलग दोन वर्षं पहिला आलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी परीक्षकांच्या शेजारी बसून निकष कसे लावतात ते शिकेल, आणि दोन लहान मुलांच्या उपक्रमाची जबाबदारी घेईल. असा नियम केलात तर तो त्यांना बढतीसारखा वाटेल. मात्र नियम सगळ्यांना लागू असावा आणि वर्षारंभी जाहीर व्हावा. मध्येच आणलात तर तो त्या दोन घरांसाठीच केला, हे सगळ्यांना दिसेल.

आता ‘सगळ्यांना पदक’ म्हणणाऱ्यांचं. भाग घेतल्याचं प्रशस्तिपत्र प्रत्येकाला द्यायला हरकत नाही, आणि त्याला पैसेही लागत नाहीत. पण चाळीस कागदांवर एकच मजकूर आणि फक्त नावं वेगळी असतील, तर दहा-अकरा वर्षांच्या पुढचं मूल ते घरी नेईपर्यंत चुरगळून टाकतं. आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही, हे त्याला त्या छापील ओळीतूनच समजतं. तेव्हा प्रत्येकासाठी वेगळी एक ओळ लिहा. ‘उत्साही सहभागाबद्दल’ असलं काही नको. ‘वाळवीने खाल्लेली रोपं उपटून तिसऱ्यांदा वाफा लावला.’ ‘सभेत आधी बोलायची नाही, या वर्षी तीन वेळा इतिवृत्त वाचून दाखवलं.’ ‘लहान मुलांना सुईत दोरा ओवायला रोज मदत केली.’ तुम्ही तिघी-चौघी एका संध्याकाळी बसलात तर चाळीस ओळी होतील. जिथे कुणालाच एकही ओळ सुचणार नाही, त्या मुलांची नावं वेगळ्या कागदावर काढा. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे आधी लक्ष द्यायचं आहे.

शब्द निवडताना जे मूल करतं ते सांगा. मूल मुळातच कसं आहे ते सांगू नका. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग छापले. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. पुढची कोडी अवघड देऊन सगळ्यांना अपयश येऊ दिलं. हुशार म्हटलेली मुलं लवकर हटली, त्यांना काम कमी आवडलं, आणि आपले गुण दुसऱ्या मुलांना कळवायची वेळ आली तेव्हा त्यांच्यातल्या जास्त जणांनी ते वाढवून सांगितले. ‘मंडळाचा हिरा’, ‘आदर्श सदस्य’ असे किताब मुलाच्या डोक्यावर ठेवले की ते पडू नयेत म्हणून ते मूल नवं काही करून पाहायला घाबरतं.

आणि वर्षभर बक्षिसाचं गाजर दाखवू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग आहे. बालवाडीतल्या ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता दिलेल्यांची गोडी कमी झाली नव्हती. ज्या कामात मुलाचं मन आधीच रमलं आहे, तिथे हे पथ्य पाळायचं. गोठा झाडण्यासारख्या कंटाळवाण्या कामाला छोटं आमिष दाखवलंत तर आभाळ कोसळणार नाही.

हजेरीचं बक्षीस देत असाल तर मात्र ते आजच बंद करा. याबाबत माझं मत कडक आहे. गावात बैठक चुकवणारं मूल बहुतेक वेळा आळशी नसतं. पेरणी-काढणीच्या दिवसांत ते शेतावर असतं, धाकट्या भावंडाला सांभाळत असतं, किंवा अंधार पडल्यावर त्याला घरी पोहोचवायला कुणी नसतं. मुलींच्या बाबतीत हे फारच होतं. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस म्हणजे ज्याच्या घरी कामाला दुसरे हात आहेत त्याचं बक्षीस. त्याऐवजी घरी केलेलं उपक्रमाचं काम वहीत मोजा. मंडळ चालवताना आपण कुठल्या घरांचा विचार करतो, हे असल्या लहान नियमांत उघडं पडतं.

मिळून केलेल्या कामाबद्दल थोडक्यात. गटाचं कौतुक करताना सगळी नावं वाचा, आणि बक्षीस घ्यायला एकट्या पुढाऱ्याला बोलावू नका. सगळे उभे राहू देत.

पंधराच्या पुढच्या मुलांसाठी निराळा विचार करा. त्यांच्यातल्या अनेकांना मित्रांसमोर व्यासपीठावर बोलावलेलं नको असतं. आधी विचारा. नको म्हणणाऱ्याच्या घरी दोन ओळींचं पत्र पाठवा, किंवा त्याच्या कामाबद्दल त्याच्या आईवडिलांशी त्याच्या देखत बोला. या वयात खरी शाबासकी जबाबदारीतून मिळते: कोठारघराची किल्ली, पुढच्या सभेचं अध्यक्षपद, हिशेबाची वही. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये सुरू झालेला ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार चौदा ते चोवीस वयाच्या तरुणांसाठी आहे. त्यात कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे टप्पे आहेत, पण कुणाची कुणाशी स्पर्धा नाही. सेवा, कौशल्य, शारीरिक मेहनत आणि मोहीम, यांत ज्याने जे ठरवलं ते त्याने महिनोन्‌महिने नेटाने पार पाडलं की टप्पा त्याचा. तुमच्या मोठ्या मुलांसाठी असे तीन टप्पे मंडळापुरते आखता येतील.

आता तो मुलगा. त्याच्याकडे तुम्ही स्वतः जा, आणि कार्यक्रमाच्या आधी जा. समितीतल्या कुणाला पाठवू नका. हातात ढाल-चषक काही नेऊ नका, राहून गेलेल्या गोष्टीची भरपाई केल्यासारखं ते दिसेल. ‘तू कोकरू जगवलंस, आणि आम्ही तुझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं,’ एवढं सरळ म्हणा. कारणं देऊ नका. मग ते कोकरू कसं आहे विचारा आणि तो बोलू लागला तर मध्ये बोलू नका. रात्री किती वेळा उठला, बाटलीने दूध ओढत नव्हतं तेव्हा काय केलं, हे सगळं ऐका. जमलं तर त्याच्या परवानगीने लिहून घ्या. शेवटी त्याला मदत मागा: मंडळात दोन लहान मुलं या वर्षी कोकरं आणणार असतील तर दूध कसं पाजायचं हे तो दाखवेल का? हे नुसतं बोलण्यापुरतं नको, त्या मुलांना खरोखर शिकवायचं असेल तरच मागा. या कार्यक्रमात त्याचं नाव घेऊ का, हेही त्यालाच विचारा. नाही म्हणाला तर तिथेच थांबा. दोन महिन्यांनी पुन्हा जा, तेव्हा मंडळाचा विषय काढायचीही गरज नाही.

दीड महिन्यात सगळं बदलणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. या वर्षीची ढाल आधी जाहीर झाली आहे, ती द्या. ठरलेला शब्द मोडला तर मुलांचा विश्वास जाईल. तिच्या बरोबरीने चाळीस ओळी लिहा आणि कार्यक्रमात प्रत्येक नावाबरोबर त्याची ओळ वाचा. नाव नीट उच्चारता आलं पाहिजे, आदल्या दिवशी वाचून पाहा. पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांत आवरायला सांगा, म्हणजे ओळींना वेळ उरेल. वेळ अशी ठेवा की धारा काढून झाल्यावर पालकांना येता येईल. ज्यांनी काही नोंदी ठेवल्या आहेत त्यांच्या वह्या आणि वस्तू एका टेबलावर मांडा आणि मुलांना त्यांच्या शेजारी उभं राहू द्या. लोक विचारतील, मुलं सांगतील.

समितीची बैठक याच आठवड्यात घ्या. पुढच्या वर्षी कौतुक कशाकशाचं करायचं आणि वह्या कोण तपासणार, हे दोनच विषय ठेवा. पदक किती जणांना, यावर कुणी बोलू लागलं तर तो विषय त्यानंतरच्या बैठकीत घेऊ म्हणून सांगा. चाळीस मुलांमागे चार मोठी माणसं मिळाली, प्रत्येकाने दहा वह्या घेतल्या, तर महिन्यातली एक संध्याकाळ पुरेल. ती चार माणसं आधी शोधा.

तुमची,
ताई